हळद हाय, मास्तर

शेजारच्या मळ्यात दहाएक दिवसांपासून हळद शिजायला लागली आहे. आता हळद उकळायची ती मोठी कढई, काहिली, राहिली नाही. ट्रॅक्टरच्या मागं कुकर येतो, पिंपात ओली हळद भरतात, वाफ सोडतात आणि पोरं बांधावर मोबाईल बघत बसतात. घड्याळ लावून हळद शिजते. मला हे पटत नाही, पण मला पटेपर्यंत कोण थांबलंय.

वास मात्र तोच आहे. ओल्या मातीचा, थोडा कापराचा, थोडा औषधाचा. तो ओसरीपर्यंत आला की माझे हात आपोआप मांडीवर उलटे होतात. तळवे बघतो. पांढरे आहेत. काहिलीवरचं काम सोडून किती वर्षं झाली, तरी हा वास आला की वाटतं, आता कुणीतरी विचारेल. आणि या खेपेला मी उत्तर देईन.

उत्तर लहानच होतं. ते द्यायचं राहून गेलं, त्याला तीस वर्षं झाली.

मी मूळचा माणातला. दहिवडीच्या पलीकडं आमची वाडी. एका दुष्काळात घरची मेंढरं गेली, त्यांच्या मागं बापाची उमेद गेली, आणि मी एका ट्रकच्या हौद्यात बसून कृष्णाकाठाला आलो. पहिल्यांदा ती नदी बघितली तेव्हा आनंद झाला नाही, राग आला. एवढं पाणी इथं नुसतं वाहत होतं, आणि आमच्याकडं हांडाभर पाण्यासाठी आई भल्या पहाटे उठायची. तो राग बरीच वर्षं गेला नाही. राग सांभाळून ठेवणं मला पहिल्यापासून चांगलं जमतं.

ज्यांच्या मळ्यात राहिलो ते आण्णा, जैन शेतकरी, भला माणूस. वेळेवर जेवायला घालायचे, अंगावर ओरडायचे नाहीत. पण मळ्यात मला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. "माणदेश्या, पाचट आण." "माणदेश्या, जाळ कमी कर." दोन वर्षांत मलाही दुसरं नाव आठवेनासं झालं होतं.

काहिलीवर तात्या म्हणून एक म्हातारा होता. हळद शिजवण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता. हळद कच्ची राहिली तर वाळल्यावर भुगा होतो, जास्त झाली तर रंग जातो. मधली वेळ गाठायची. वर हळदीचाच पाला आणि गोणपाट टाकून झाकलेलं असतं, आत दिसत काही नाही. तात्या काहिलीभोवती फिरायचा, नाक वर करून. मी एकदा हळकुंडाचा तुकडा तोंडात घालून बघायला गेलो तर त्यानं हातावर फटका दिला.

"जिभंला काय कळतंय रं? जीब लबाड असती. नाकाला इचार. वास फिरला की उतरव."

ते मी जन्मभर धरून ठेवलं. चौथीपर्यंत शाळा झालेली, त्यातलं फार काही राहिलं नाही. हे राहिलं.

एका हंगामात काहिलीतलं कढत पाणी पायावर आलं. दवाखान्यात पडून राहिलो. तिथं आठवड्याला एक पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, यायचे, प्रत्येक खाटेपाशी बसायचे. माझ्यापाशी आले.

"नाव काय तुझं?"

"माणदेश्या."

"ते तुझ्या मुलखाचं झालं. आईनं ठेवलेलं?"

सांगायची लाज वाटली. माझ्या आधीची तीन पोरं जगली नाहीत, म्हणून देवाची नजर जाऊ नये असं नाव आईनं ठेवलं होतं. "दगडू," म्हणालो.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "येशूनं आपल्या एका शिष्याला हेच नाव दिलं होतं. दगड. आणि त्याच्यावर मी माझी मंडळी बांधीन, असं म्हणाला."

ते गेल्यावर मी वरच्या कौलांकडं बघत पडलो. आमच्या माळावर दगडाची कमी नाही. लोकांना ठेचा लागतात, मेंढरं हाकायला फेकून मारतात. त्याच्यावर कुणी काही बांधायचं म्हणतं, हे पहिल्यांदाच ऐकत होतो. बाप्तिस्मा पुढं वर्षभरानं झाला, पण माझ्या हिशेबी तो त्या खाटेवरच झाला.

त्या दवाखान्यातल्याच आयाची मुलगी रूथ. पुढं माझी बायको झाली. तिची आई मंडळीतली जुनी, माझ्यासारखा नवखा जावई तिला कितपत आवडला कोण जाणे. पण रूथनं एकदा ठरवलं की ठरवलं. तेवढ्यात आमचं दोघांचं सारखं होतं. फरक एवढाच की तिचा हट्ट धरून ठेवायचा, माझा सोडून जायचा.

बाप्तिस्म्यानंतर एकदा पाळकसाहेबांनी विचारलं, "दगडू, तुला काय येतं?"

"उकळाय येतं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

साहेबांनी मान हलवली. "मग प्रभुभोजनाचा रस आतापासून तू करायचा."

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाला, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीला, बेदाण्यांचा रस असतो. बेदाणे आदल्या दिवशी भिजत घालायचे, सकाळी मंद जाळावर उकळायचे, पांढऱ्या फडक्यातून गाळायचे. पाळकांच्या घरच्या चुलीवर मी ते करायचो. जाळाकडं मी बघायचो आणि पाळकबाई चमच्यानं चव घेऊन "आता उतरव" म्हणायच्या. पाळक बदलले, पाळकबाई बदलल्या, चुलीपाशी मी तोच. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकायची आणि एकेका लहान पेल्यातून माझ्या हातचं प्यायची. शिकलेली माणसं, नोकरीवाली माणसं, शाळेच्या बाई. मी खाली मान घालून बसायचो, पण आतून छाती अशी फुगलेली असायची. सांगायला नको, पण सांगतो. प्रार्थनेत मी कित्येकदा देवाऐवजी रसाचाच विचार करत होतो.

ज्याला वर्षानुवर्षं नाव नव्हतं, त्याला नाव मिळालं की तो ते जपतो. मी जरा जास्तच जपलं.

तो रविवार पौषातला. पालीच्या खंडोबाची यात्रा नुकतीच झाली होती, रस्त्यानं लोक भंडाऱ्यानं पिवळेधमक होऊन परतत होते. मळ्यात हळद शिजत होती. मी पहाटे रस करून ठेवला, मग काहिलीवर गेलो. तिथून उशीर झाला म्हणून नुसते हातपाय धुवून तसाच आमच्या मंडळीच्या देवळात. हळदीचे हात एका धुण्यानं पांढरे होत नाहीत, हंगाम संपेपर्यंत कोपरापर्यंत रंग राहतो. कपाळावरचा घाम पुसला होता, तिथंही पिवळी रेघ उठली असणार. मला काय दिसतंय.

भाकरीचं ताट घेऊन शमुवेल मास्तर येत होते. हे मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, शाळेत हेडमास्तर, करड्या शिस्तीचे. माझ्यापाशी थांबले. मी हात पुढं केले. त्यांनी हातांकडं बघितलं, कपाळाकडं बघितलं.

"पालीहून आलास वाटतं, दगडू. भंडारा धुऊन ये, मग हात पुढं कर."

आवाज मोठा नव्हता. पण देवळात शांतता असते.

भंडारा म्हणजे हळदच. रंगाला काय माहीत तो कुठून आला. पण माझी आई मरणाला टेकली होती तेव्हा तिनं भंडाऱ्याची चिमूट धरून मला जवळ बोलावलं होतं. "एकदा लाव रं लेकरा, माझ्यासाठी." आणि मी कपाळ मागं घेतलं होतं. का, तर मी आता या मंडळीचा. आईची चिमूट तशीच राहिली. ती गोष्ट माझ्या पोटात होती, मास्तरांना ती कुठून कळणार. ज्याच्यासाठी आईला दुखवलं त्याच कठड्यापाशी हा माणूस मला धुऊन ये म्हणतो.

"हळद हाय, मास्तर." एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. बाजूला रूथ होती, ती म्हणायला तोंड उघडत होती. मी तिच्याकडं असं बघितलं की ती गप्प झाली. मग मी उठलो आणि सगळ्यांच्या देखत बाहेर चालता झालो. चपला घालताना मला बरं वाटत होतं. लय बरं वाटत होतं. अपमान झालेल्या माणसाच्या तोंडात एक गोड चव असते, ती मी तीस वर्षं चघळली.

दुसऱ्या दिवशी मास्तर सायकलवर मळ्यात आले. त्यांनी काहिली बघितली, काम करणाऱ्या बायांचे हात बघितले, माझे बघितले. बराच वेळ सायकलची घंटी उगाच अंगठ्यानं फिरवत उभे राहिले.

"दगडू, रविवारी ये."

आता मला कळतं, तेवढ्यात सगळं होतं. ज्या माणसानं उभ्या जन्मात पोरांपुढं चूक कबूल केली नाही, तो चार मैल सायकल मारून आला होता. तेव्हा मला तेवढं पुरलं नाही. मला सगळ्या मंडळीसमोर हवं होतं.

"हात धुऊन झालं की येतो, मास्तर," मी म्हणालो. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मास्तर सायकल वळवून गेले. मी पुन्हा गेलो नाही.

रस मात्र करत राहिलो. माझं भांडण मास्तरांशी, प्रभूशी नाही, असं मी रूथला सांगितलं. फक्त पाळकांच्या चुलीवर जायचं बंद केलं. आमच्याच परड्यात चूल मांडली, कुणाला जवळ येऊ देत नव्हतो. आणि आणखी एक ठरवलं. ज्या पेल्यावर आपला हक्क नाही त्यातलं थेंबभरही तोंडात घालायचं नाही. चव बघायलासुद्धा नाही. नाक होतंच की. वास फिरला की उतरवायचं.

रूथ स्टीलची बरणी पदराखाली धरून न्यायची, रिकामी घेऊन यायची. मी परड्यात बसून विचारायचो, "किती माणसं होती?"

"भरलं हुतं."

"रस पुरला?"

"पुरला की."

"बरा झालता?"

"झालता." आणि मग बरणी विसळायला आत जायची.

शेजारची एक बाई एकदा मला म्हणाली, "दगडूनाना, तुमची रूथ कठड्यापाशी टेकती ती बाजूला एका माणसाची जागा सोडून. कितीबी दाटी होऊ द्या, सरकत न्हाई." मी घरी आलो, रूथला काही विचारलं नाही. आमच्या घरात दोन माणसं राहत होती आणि ती जागा तिसरी.

तीन वर्षांपूर्वी ती आजारी पडली. हेच दिवस होते, असाच वास मळ्याकडून येत होता. उठवत नव्हतं म्हणून नवे पाळक घरी प्रभुभोजन द्यायला आले. पोरगेलासा माणूस, मोटारसायकलवर. मागच्या सीटवरून काठी टेकत मास्तर उतरले. मी परड्यात लाकडं फोडत होतो. खिडकीतून रूथचा आवाज आला.

"आवं, या की आत. आज तरी माझ्याशेजारी बसा."

मी कुऱ्हाड उचलली, खाली घातली. पुन्हा उचलली. आत प्रार्थना चालू झाली तेव्हा आवाज नको म्हणून हात थांबवला, तेवढी अक्कल होती. उभा राहिलो ओंडक्यावर पाय ठेवून. खिडकी हाताच्या अंतरावर होती. आतलं सगळं ऐकू येत होतं. मास्तर आत होते ना, म्हणून गेलो नाही. त्यांनी बाहेर येऊन बोलवावं अशी माझी इच्छा होती. ते बाहेर आले, माझ्यापाशी थांबलेही. दोघं म्हातारे एकमेकांच्या पायांकडं बघत उभे. मग मोटारसायकल सुरू झाली.

आठ दिवसांनी रूथ गेली. त्या खिडकीपासून खाटेपर्यंत सहा पावलं आहेत. आता मी ती रोज चालतो.

माणसं म्हणतात श्रद्धेनं माणूस बदलतो. मी बदललो, खोटं का बोलू? नाव मिळालं, काम मिळालं, कशासाठी जगतो ते कळलं. पण जे मिळालं त्याचीच मी भिंत केली आणि तिच्या मागं बसलो. दगड बांधायला दिला होता. मी तो दारात लावला, आतून.

या हंगामात, म्हणजे गेल्याच आठवड्यात, ते पाळक बरणी न्यायला आले. म्हणाले, "नाना, या वेळी तुम्हीच चला. शमुवेल मास्तर अंथरुणाला खिळलेत, विश्रामबागेत सुनेकडं असतात. त्यांना घरी प्रभुभोजन द्यायचंय. माणसं ओळखत नाहीत आता."

"मग मला बघून काय करत्यात?"

"काही नाही करणार. तुम्ही बघा त्यांना."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझे हात दिसले. पांढरे. मोटारसायकलवर बसलो, बरणी मांडीवर धरून.

स्वच्छ खोली, खिडकीला जाळी. ज्या माणसाला बघून अख्खी शाळा उभी राहायची तो दोन उशांना टेकून बसवलेला. मी म्हणालो, "सलाम, मास्तर." त्यांनी माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघावं तसं.

"कोण?"

"दगडू."

"कोण दगडू?"

तीस वर्षं ज्याच्यावर रुसलो त्याच्या डोक्यातून मी निघून गेलो होतो. आता भांडणाला दुसरा माणूसच नव्हता. पाळकांनी प्रार्थना केली, भाकरीचा कण दिला. मग चमच्यानं रस त्यांच्या ओठांना लावला. मास्तरांनी जीभ फिरवली, थोडं तोंड वाकडं केलं, गिळलं. डोळे मिटले.

"हा दगडूचा," म्हणाले.

सूनबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि हसल्या. "ओळखलाच की. चेहरे विसरले, चव विसरले नाहीत."

"म्हंजे?"

"अहो नाना, जरासा करपट असतो ना. कडवट लागतो शेवटाला. मुलं कुरकुर करायची, नवे पाळकही एकदा बोलणार होते तुमच्याशी. मामंजींनी सगळ्यांना बजावलं, बोलायचं नाही. बोललात तर तो करायचा सोडेल, आणि त्याचा तेवढाच एक पाय मंडळीत आहे. रूथमावशींनाही माहीत होतं. त्या तर म्हणायच्या, मला तोच आवडतो."

पाळकांनी मला विचारलं नाही. पेला पुढं केला. मी घेतला. तीस वर्षांनी मी माझ्या हातचं प्यायलो.

करपट होता. पहिल्यांदा गोड, मग घशापाशी जळकं. हळदीचा वास फिरतो तेव्हा हळद शिजते. बेदाण्याचा वास फिरतो तेव्हा साखर जळायला लागलेली असते. तात्यानं सांगितलेलं हळदीपुरतं खरं होतं, मी ते सगळ्यालाच लावलं. एक चमचा तोंडात घातला असता तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं. सत्तावीस वर्षं रूथ हे प्यायली, घरी आली, आणि "बरा झालता" म्हणून बरणी विसळली.

"हळद हाय, मास्तर," मी म्हणालो. "त्या दिवशीची. भंडारा नव्हता." मास्तर झोपले होते. सूनबाईंना वाटलं म्हातारा काहीतरी बरळतोय. असू दे.

काल पहिला रविवार होता. पहाटे चुलीपाशी बसलो. शेजारच्या कुकरची वाफ परड्यावर आली होती, नाकाला काही कळायचं नाही असा दाट वास. चमचा घेतला. वास फिरायच्या कितीतरी आधी उतरवला. गोड झाला होता. इतका गोड की गाळताना हात थांबला.

बरणी मीच नेली. देवळात आता पंखे आहेत, फरशी नवी आहे, कठडा तोच. मी गुडघे टेकले, ते टेकायलाच वेळ लागला. माझ्या मागं रांग होती.

"नाना, जरा सरका की, जागा हाय," मागचा कुणीतरी हळूच म्हणाला.

उजव्या बाजूला एका माणसाची जागा होती. मी सरकलो नाही.